सदाशुद्धजलप्रदः

१० मार्च २०२५, सोमवार, एकादशी
बी विंग, पहिला मजला

तीर्थरूप दादा,

नेहमीसारखं 'ती.' असं आखडतं न घेता शब्द पूर्ण लिहिला आहे. सोसायटीच्या पाण्याचा सगळा कारभार ज्याच्या हातात आहे, त्याला तीर्थरूप म्हणायला माझी हरकत नाही. तीर्थ कसलं, हा पुढचा प्रश्न.

तू ए विंगमध्ये चौथ्या मजल्यावर, मी इथे. मध्ये पार्किंग आणि गणपतीचं देऊळ. तरी पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे, कारण हातात दिलेलं पत्र उज्ज्वलावहिनी तुला वाचून दाखवतात आणि वाचता वाचता त्यातल्या मिरच्या वेचून काढतात. पोस्टमनसमोर तुला स्वतः सही करावी लागेल. पोस्टातल्या मुलीने पाकीट उलटसुलट करून विचारलं, "मॅडम, पाठवणारा आणि घेणारा एकाच सोसायटीत?" म्हटलं, "हो. पण मध्ये पावणेदोन वर्षं आहेत." तिने शिक्का मारला.

वहिनी शुक्रवारी आल्या होत्या. साबुदाण्याच्या पापड्या घेऊन आल्या, तेव्हाच ओळखलं की काम आहे.

"सुधाताई, ह्यांनी बी विंगच्या टाकीला आतून टाइल्स लावून घेतल्या. पांढऱ्याशुभ्र. अक्षय्य तृतीयेला उद्घाटन आहे. ग्रॅनाइटवर संस्कृतात एक ओळ कोरायची म्हणतात. आता संस्कृत म्हटलं की तुमच्याशिवाय कोण?"

"त्याला स्वतःला विचारायला काय झालं?"

"अहो, संकोच वाटतो त्यांना."

तुझा आणि संकोचाचा परिचय कधी झाला, दादा? सर्वसाधारण सभेत तुझ्या हातून माइक काढून घ्यायला वॉचमनला बोलवावं लागतं. असो. वय झालं की नवीन ओळखी होतात.

ओळ लिहून देईन. पस्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, निवृत्तीनंतर पौरोहित्य शिकले; एक ओळ म्हणजे हातचा मळ. मोबदल्यात मला एक गोष्ट हवी.

ऑगस्ट २०२३ च्या सभेच्या प्रोसिडिंगची झेरॉक्स माझ्यापाशी आहे. विषय क्रमांक चार. अक्षर सेक्रेटरीचं, भाषा तुझी: 'बी विंगमधील काही सभासदांना काविळीची लागण झाली. त्यातील मयत महिला गर्भवती असून तिने बाहेरील उघड्यावरची पाणीपुरी सेवन केल्याचे समजते.'

मयत महिला. तिचं नाव वल्लरी होतं. तुझी सख्खी भाची. तिला सायकल तू शिकवलीस, आणि पडली तेव्हा गुडघ्याला हळद लावायलाही तूच होतास. 'समजते' म्हणे. कोणाला समजलं? कोणी सांगितलं?

ते वाक्य काढ. त्या जागी लिही की तिचा मृत्यू सोसायटीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने झाला. आणि टाकीशेजारचा ड्रेनेजचा चेंबर पावसाळ्याआधी तिथून हलव. एक मागते म्हणाले आणि दोन मागितल्या. लहान बहिणींचं गणित असंच असतं.

घाई एवढ्यासाठी की तिसऱ्या मजल्यावरच्या अंजलीला चौथा महिना लागला आहे. तिलाही तेच पाणी येतं.

तुझी,
सुधा


२८ मार्च, शुक्रवार

दादा,

रजिस्टर पत्राला तू मोबाइलवर चार ओळींचं उत्तर दिलंस. काटकसर म्हणावी ती हीच. 'मंजूर झालेलं प्रोसिडिंग बदलता येत नाही. टाकीला टाइल्स लावल्या आहेत, त्यामुळे चेंबरचा प्रश्न उरत नाही. झालं गेलं गंगेला मिळालं. ओळ लवकर पाठव, कोरणारा खोळंबला आहे.'

आपण नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो, म्हणून ही म्हण आपल्या तोंडी जरा लवकर येते. पण गंगेला काय काय मिळतं, हे घाटावर गेलेलं कोणतंही नाक सांगेल. आणि मिळालेलं सगळं वाहून जातंच असं नाही. काही मागे फिरतं आणि नळातून वर येतं.

ते कसं येतं, हे मला सोमनाथने सांगितलं. आपला सिन्नरचा प्लंबर. टाइल्स लावताना त्यानेच टाकीचे नळ सोडवून दिले होते. मी चहा ठेवला आणि त्याला विचारलं, "टाकी कशी झाली?"

"टाकी झकास हाय बाई. आरशावानी. तोंड बघून घ्या."

"मग?"

"पन टाकीत पानी आननारा पाइप येतो चेंबरच्या बुडाखालून. पानी चालू असलं तर पाइप भरलेला. बंद झालं का रिकामा. अन् रिकामा पाइप वढतो. शेजारी चेंबर गळतोय, मंग काय वढनार?"

"हे चेअरमनसाहेबांना सांगितलंस?"

"दोनदा. ते म्हनले, तू टाइल्सची कंपनी बघ कोनती हाय ती."

तेव्हा टाइल्स हा काही चेंबरवरचा उपाय नाही, दादा. आत आलेली घाण आता पांढऱ्या पार्श्वभूमीवर उठून दिसेल, इतकाच फरक.

पाणीपुरीबद्दल मी खूप विचार केला. त्या जुलैत बी विंगमध्ये अकरा जणांना कावीळ झाली. ए विंगमध्ये एकालाही नाही. तुमची टाकी वेगळी, गेटपाशी. म्हणजे तुझं वाक्य खरं मानायचं तर तो पाणीपुरीवाला फाटकात उभा राहून आधी विंग विचारत असला पाहिजे. ए असेल तर प्लेट परत घेत असेल.

वल्लरीने पाणीपुरी खाल्ली नव्हती. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला विचारलंस, "बाहेरचं काही खाल्लं होतं का गं?" मी म्हणाले, "पुण्याला असताना खायची पाणीपुरी, फार आवडायची." आवडायची. एवढ्या एका क्रियापदावर तू आख्खा ठराव उभा केलास. इतकं व्याकरण तुला येत होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

तिने काय घेतलं ते सांगते. पाणी घेतलं. माझ्या हातचं. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी, माझ्याकडे आली होती. उकळलेलं पाणी मेलेलं लागतं म्हणायची. म्हणून मी माठात वाळ्याची जुडी टाकून गार, सुवासिक पाणी देत होते. फडक्याने गाळून, दोन पदरी. धोंड्याचा महिना होता. तिच्यासाठी आणि जावई विहंगरावांसाठी अनारशाचं पीठ तयार होतं. पीठ राहिलं. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं: ही ई प्रकारची कावीळ, मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून येते, इतरांना पंधरा दिवस झोपवून सोडते, गरोदर बाईला मात्र पुष्कळदा सोडत नाही. तू दाराशी उभा होतास. तू ऐकलंस. आणि पंधरा दिवसांनी सभेत 'समजते' लिहिलंस.

चेंबर तिथे का गेला, हा वेगळा विषय आहे. तो आत्ता काढत नाही.

ओळ पाठवते. कोरणाऱ्याला थांबायला सांग.

सुधा


७ एप्रिल, सोमवार

तीर्थरूप दादा,

कालच्या रामनवमीच्या प्रसादाबद्दल वहिनींना धन्यवाद सांग. सुंठवडा उत्तम झाला होता.

मागच्या पत्रातलं माझं लिहिणं जरा कडू झालं. पाडवा तोंडावर होता, कडुनिंबाचे दिवस. मनावर घेऊ नकोस. शेवटी सख्खा भाऊ एकच असतो, आणि सन्मान होणार तो आपल्याच घराण्याचा.

ही घे तुझी ओळ:

गंगाधरश्चिरं जीयात् सदाशुद्धजलप्रदः

अनुष्टुभाचे दोन चरण आहेत, सोळा अक्षरं. ग्रॅनाइटवर ऐटीत बसतील. अर्थ सांगते, कारण तू आठवीत संस्कृत सोडून शंभर मार्कांचं हिंदी घेतलं होतंस. गंगाधर चिरकाल विजयी होवो, जो सदा शुद्ध जल देणारा आहे. तुझं नाव आलं, पाणी आलं, आणि गंगाधर म्हणजे शंकर असल्यामुळे जटेतल्या गंगेचा दाखलाही फुकटात आला. पाहुण्यांना भाषणाला विषय मिळेल.

दोन सूचना कोरणाऱ्याला आवर्जून दे. 'सदाशुद्धजलप्रदः' हा शब्द अखंड कोरायचा. मध्ये जागा सोडायची नाही, रेघ द्यायची नाही. संस्कृतात समास तोडून लिहिणं म्हणजे पैठणी कापून रुमाल करणं. आणि मराठीत अर्थ खाली लिहायच्या भानगडीत पडू नका. अर्थ दिला की मंत्राचं वजन जातं.

अक्षय्य तृतीयेची तिथीही योग्य निवडलीस. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घट देतात. मीही देणार आहे.

तुझी,
सुधा


२ मे, शुक्रवार

माननीय चेअरमनसाहेब,

परवाचा समारंभ देखणा झाला. मंडप, सनई, प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त प्राचार्य. त्यांनी फीत ओढली, ओळ मोठ्यांदा वाचली, मग दुसऱ्यांदा मनातल्या मनात वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. ते भाषणात पाण्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, सबंध वेळ मराठी शाळांवर बोलले, हे तुझ्या ध्यानात आलं का? तू म्हणालास, "सर जरा भरकटले." सर भरकटले नव्हते. सर सभ्य आहेत.

आता तुझ्या राहिलेल्या शिक्षणाकडे वळू. आठवीचा धडा, दीर्घसंधी. 'सदा' या शब्दाच्या शेवटी आ आहे. त्याच्यापुढे 'शुद्ध' ठेवला तर होतं सदाशुद्ध. आणि त्याच्यापुढे 'अशुद्ध' ठेवला तर? आ आणि अ मिळून एकच आ होतो. म्हणजे होतं सदाशुद्ध. अक्षर तेच, काना तोच. सदा शुद्ध जल देणारा, सदा अशुद्ध जल देणारा. दोन्ही अर्थ व्याकरणदृष्ट्या निर्दोष. तू पांढऱ्या अक्षरांत, काळ्या ग्रॅनाइटवर, स्वखुशीने, स्वतःच्या नावाखाली हे कोरून घेतलं आहेस, आणि माझ्या सांगण्यावरून मध्ये जागाही सोडलेली नाहीस.

यातला दुसरा अर्थच खरा, हे मी हवेत म्हणत नाही. रंगपंचमीचा गुलाबी रंग उरला होता. तीन एप्रिलला सोमनाथने तो बादलीभर पाण्यात कालवून चेंबरमध्ये ओतला. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं, तेव्हा टाकीच्या तोंडाशी त्याने पहिली धार बाटलीत धरली. ती गुलाबी. नाशकात लोक रंगपंचमीला रंगाने भरलेल्या हौदात, रहाडीत, उड्या घेतात. आपल्या सोसायटीत रहाडच पाइपातून घरी येते. बाटली माझ्या कपाटात आहे. शेजारी प्रयोगशाळेचा कागद आहे, त्यावर 'पिण्यास अयोग्य' हे दोनच शब्द आहेत. त्यांचा मात्र दुसरा अर्थ होत नाही.

त्याच सकाळी मी बी विंगची सोळाही दारं वाजवली आणि सांगितलं, खळखळून उकळल्याशिवाय थेंब पिऊ नका. अंजलीच्या घरी रोज माझ्या स्वयंपाकघरातून उकळलेल्या पाण्याची कळशी जाते. तिच्या सासूबाई कमळाबाई देवळ्याहून आल्या आहेत. त्यांनी विचारलं, "मंग ताई, हाई पानी चांगलं नई शे का?" मी म्हणाले, "उकळून चांगलं होतं." बाटली मात्र दाखवली नाही. त्यांना नाही, कोणालाच नाही. दाखवली असती तर तू त्याच दिवशी दोन गोणी सिमेंट थापून विषय मिटवला असतास. मला तो मिटायला नको होता. मला तू ग्रॅनाइटवर हवा होतास.

न्याय वगैरे मला नको, दादा. न्याय फार सोवळा शब्द आहे, त्याला लांबून हात जोडावेत. मला तुझी फजिती हवी होती. जितक्या लोकांसमोर तू ते 'समजते' वाचलंस, तितक्या लोकांसमोर. परवा मंडपात ती झालीच आहे, फक्त तुला आज कळते आहे. उरलेल्यांना कधी कळावी, हे तू ठरव. पंधरा तारखेपर्यंत विशेष सभेची नोटीस लागली नाही, तर मी बी विंगमध्ये दीर्घसंधीचे वर्ग सुरू करीन.

ग्रॅनाइट फोडू नकोस. चेंबर हलला की त्याचा पहिला अर्थ खरा होईल, तोवर दुसरा. इतकी सोयीची ओळ तुला कोणी लिहून देणार नाही.

आपली नम्र सभासद,
सुधा


२० मे, मंगळवार

दादा,

सोळा तारखेला वर्ग सुरू केला. पाच मुलं येतात. सुट्टी आहे, घरात बसून आयांचा जीव खातात, त्यामुळे आया खूश. अंजलीचा पुतण्या रुद्र दुसऱ्याच दिवशी टाकीपाशी उभा राहून ओरडत होता, "सदा अधिक अशुद्ध, बरोबर सदाशुद्ध." उच्चार स्वच्छ. संध्याकाळपर्यंत कमळाबाईंनी मला जिन्यात गाठलं आणि अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं, आणि मग कळशी उचलून वर गेल्या.

तू काल ग्रॅनाइटवर निळं प्लास्टिक बांधलंस. यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळतो आहे, म्हणून दगड भिजू नये असं वॉचमनला सांगितलंस म्हणे. दगडाची काळजी घेणारा चेअरमन विरळा. सोमनाथला ग्राइंडर घेऊन बोलावलंस, हेही कळलं. तो म्हणाला, "बाई, मी म्हनलो, साहेब, अक्षर घासलं तं लोक इचारतील काय घासलं."

पण सभेची नोटीस लागली. एक जून, रविवार, सकाळी दहा. धन्यवाद देत नाही.

परवा रात्रीचा तुझा फोन मी जपून ठेवला आहे. रेकॉर्ड नाही केला, कानात ठेवला आहे. "सुधा, तू माझं नातेवाइकांत हसं केलंस. पण दोन हजार एकोणीसचं प्रोसिडिंग माझ्याकडेही आहे, हे विसरू नकोस."

विसरले नाही. घेऊन ये.

काल दिवसभर पाऊस होता आणि चेंबर काठोकाठ भरला आहे. मी कळशा वाढवल्या आहेत. अंजलीला सहावा.

सुधा


३ जून, मंगळवार

दादा,

सभा तुझ्यासमोरच झाली, त्यामुळे तुला ती सांगण्यात अर्थ नाही. पण तू माइकवर होतास आणि मी मागे, म्हणून जे तुला दिसलं नसेल ते लिहिते.

बाटली टेबलावर ठेवली तेव्हा लोक ओरडतील असं मला वाटलं होतं. कोणी ओरडलं नाही. बी विंगची माणसं एकेक करून पुढे आली, बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरून बघितली आणि पुढच्याला दिली. अकरा काविळीतले नऊ जण तिथे होते. ती बाटली परत माझ्याकडे आली तेव्हा कोमट झाली होती. तुझ्या कपाळावर घाम होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग ठराव आला की चेंबर मूळ जागी न्यावा. मूळ जागा म्हणजे देवळाशेजारची, जिथवर आता गणपतीचा गाभारा वाढवला आहे. आणि तू उठलास. "देव हलवता येत नाही. याला शास्त्राधार आहे, आणि तो प्रोसिडिंगमध्ये आहे." चष्मा लावून तू २०१९ चं पान काढलंस आणि वाचलंस. वाचलंस मात्र चांगलं, संधीसकट:

देवालयाच्छतं हस्तांस्त्यजेन्मलजलं बुधः

शहाण्याने देवळापासून शंभर हात अंतरावर सांडपाणी ठेवावं. आणि खालची ओळही वाचलीस: 'सदर शास्त्रवचन श्रीमती सुधाताईंनी सभेस सांगितले. त्यानुसार चेंबर देवळाशेजारून काढून बी विंगच्या टाकीजवळ हलविण्याचे सर्वानुमते ठरले.'

तू कागद खाली ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस. पावणेदोन वर्षं तू हा कागद बाहेर काढला नाहीस. मी तुला ग्रॅनाइटवर चढवलं, तरी महिनाभर काढला नाहीस. हे माझ्या लक्षात आलं नाही, असं समजू नकोस.

मी उभी राहून जे बोलले ते तू प्रोसिडिंगमध्ये लिहिलं आहेस, तरी माझ्या अक्षरात इथे असू दे. ते शास्त्रवचन नाही. कोणत्याही स्मृतीत नाही, पुराणात नाही. त्या सभेत तू देवळासमोरून गटार नको म्हणून घोळ घालत होतास, चहा यायला उशीर होता, आणि मी बसल्या बसल्या दोन चरण जुळवले. गंमत म्हणून. तुझी टिंगल करायला. लोकांना वाटलं खरंच शास्त्र आहे. टाळ्या वाजल्या. मला टाळ्या आवडल्या आणि मी गप्प बसले. देवापासून शंभर हात मोजताना चेंबर कोणाच्या पाण्याशेजारी चालला आहे, हे तिथे एकानेही मोजलं नाही. मीही नाही. वल्लरी गेली त्या दिवसापासून मला ती सोळा अक्षरं पाठ आहेत, आणि तुझ्यावर चिडले की ती ऐकू येत नाहीत. म्हणून चिडत राहिले.

तेवढ्यात कमळाबाई उभ्या राहिल्या. त्यांचं वाक्य तू प्रोसिडिंगमधून गाळलं आहेस, बहुधा माझ्यावर दया म्हणून. मी गाळत नाही. "म्हंजे ताई, तुमनी गंमत व्हयनी अन् आमनी पोरं पिवळी व्हयनी? अन् ती बाटली दोन महिना कपाटमा ठेवी?"

प्रोसिडिंगची प्रत काल वहिनींनी आणून दिली. पाणीपुरीचं वाक्य रद्द. त्या जागी वल्लरीचं पूर्ण नाव, सातवा महिना, कारण: संस्थेच्या पिण्याच्या पाण्यात मिसळलेले सांडपाणी. खाली तुझं नाव, की तक्रार माहीत असून तू दुर्लक्ष केलंस. त्याखाली माझं नाव आणि माझा श्लोक, 'स्वरचित' या शब्दासह. तू मला सोडलं नाहीस. ठीक केलंस. मी सही करून प्रत परत पाठवली आहे.

आता कामाचं. देव हलवता येतो. मूर्तीचं उत्थापन करून ती दुसरीकडे पुन्हा प्रतिष्ठित करण्याचा विधी आहे, आणि हे मी रचलेलं नाही. पोथी तुझ्याकडे पाठवते, हव्या त्या शास्त्र्याला दाखव. गुरुवारी गंगा दशहरा आहे, त्या दिवशी गणपती गेटपाशी न्यायचा आणि शुक्रवारी सोमनाथने खणायला सुरुवात करायची. सातवा लागायच्या आत अंजलीच्या नळाचा पाइप चेंबरपासून मोकळा व्हायला हवा. तोवर कळशी चालू राहील.

यजमान म्हणून तू आणि वहिनी बसायचं. मंत्र मी सांगेन. उत्थापनाच्या शेवटी देवाची क्षमा मागतात. त्यात 'क्षमस्व' हा शब्द तीनदा येतो. पद्धत तुला माहीत आहे. सांगणारा आधी म्हणतो, यजमान त्याच्यामागून. तेव्हा प्रत्येक वेळी आधी मी म्हणणार, मग तू. माझ्यासारखंच मोठ्यांदा म्हण. पार्किंगमध्ये आवाज घुमतो, आणि बी विंगमधली सगळी गॅलरीत येऊन उभी राहणार आहेत.

सोवळं नेसून सकाळी सातला खाली ये.

सुधा